बुधवारी घरातून निघून गेलेल्या अक्का: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण नाशिकमधल्या एका कुटुंबाच्या संमतीने मांडत आहे. ओळख पटू नये म्हणून वय, नाती आणि पत्ता यांतले काही तपशील बदलले आहेत. बाईंना वाड्यात सगळे अक्का म्हणत, म्हणून इथेही त्या अक्काच. ज्येष्ठांच्या विसरण्याच्या तक्रारी पाहणाऱ्या एका वैद्यकीय गटात मी घरभेटींचे आणि कुटुंबाशी बोलण्याचे काम करते. औषधांचे निर्णय डॉक्टरांचे होते. बाकीच्या बऱ्याच गोष्टी कुटुंबाने आणि आम्ही मिळून ठरवल्या.

पार्श्वभूमी

अक्कांचे वय ७४, शिक्षण चौथीपर्यंत. लग्न करून त्या जुन्या नाशकातल्या तिवंध्याजवळच्या एका वाड्यात आल्या आणि मागच्या अंगाच्या दोन खोल्यांत पन्नासहून अधिक वर्षे भाडेकरू म्हणून राहिल्या. पती भांडी बाजारात कामाला होते, ते काही वर्षांपूर्वी वारले. मुलगा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत सुपरवायझर, सून एका खासगी कंपनीत हिशेब पाहते, नात अकरावीला. मुलगी पुण्यात असते.

पतीच्या मागे अक्का वाड्यात एकट्याच राहत होत्या. कागदावर 'एकटी राहणारी विधवा' म्हटले की डोळ्यांपुढे एक चित्र येते, पण ते इथे लागू नव्हते. नळाला पाणी आले की चौकातल्या सगळ्यांना हाक मारायची ती अक्कांनी. दोन बिऱ्हाडांची मुले शाळेतून आली की आई येईपर्यंत त्यांच्या ओसरीवर बसायची. चार घरांचा दुधाचा हिशेब त्यांच्या डोक्यात असे आणि दूधवाला तो त्यांनाच विचारून पक्का करी. जवळच्या देवळाला वाती आणि फुलवाती त्याच वळून देत. दर बुधवारी गंगेवरच्या बाजारात जाऊन आठवड्याची भाजी आणायची. जुन्या नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात, तशा त्याही म्हणत. उन्हाळ्यात कुरडयांचा घाट घातला की निम्मा वाडा हाताखाली असे.

जुन्या नाशकातल्या धोकादायक वाड्यांना महापालिका पावसाळ्याच्या तोंडावर नोटिसा देते. भाडेकरू सहसा हलत नाहीत, कारण ताबा गेला की हक्कही गेला अशी धास्ती असते. अक्कांच्या वाड्याचेही तेच चालले होते. जुलैमधल्या एका रात्री मागची भिंत बसली. कोणाला इजा झाली नाही, पण दोन दिवसांत वाडा रिकामा झाला. बिऱ्हाडे जिथे सोय लागली तिथे गेली, कोणी म्हसरूळला, कोणी नाशिकरोडला, कोणी सिन्नरच्या नातेवाइकांकडे. अक्का मुलाकडे आल्या. पाथर्डी फाट्याजवळ, पाचवा मजला, दोन बेडरूमचा फ्लॅट.

मुलाने मनापासून केले. स्वतंत्र खोली, कमोड, पंखा, टीव्ही, नवी गादी. सुनेने पहिल्याच दिवशी सांगितले, "आई, आता तुम्ही काही करायचं नाही. खूप केलंत आयुष्यभर." या घरात अक्कांशी कोणी वाईट वागले नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचे वाचताना कोणालातरी दोष द्यावासा वाटतो.

अडचण

दिवाळीपर्यंत घरच्यांना काही गोष्टी जाणवू लागल्या. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा. देवपूजा राहून जाऊ लागली. अंघोळीला नको म्हणू लागल्या. एकदा दूध उतू जाऊन पातेले करपले, तेव्हा मुलाने गॅसऐवजी इंडक्शन आणले. ते अक्कांना जमेना आणि 'आईला आता शेगडीसुद्धा लावता येत नाही' असा त्याचा अर्थ लावला गेला. पन्नास वर्षे काडी ओढून चूल, स्टोव्ह आणि गॅस पेटवलेल्या बाईला काचेवर बोट टेकवून शेगडी लावायची हे अजून कोणी धड शिकवलेलेही नव्हते. मग स्वयंपाकघर बंदच झाले.

रात्री झोप नाही, म्हणून ओळखीच्या औषध दुकानातून झोपेची गोळी सुरू झाली, अल्प्राझोलामची. एका जुन्या चिठ्ठीवर ती महिनोन्‌महिने मिळत राहिली. पुढे पुढे सकाळी उठल्यावर तोल जाऊ लागला, दिवसा गुंगी राहू लागली. "माझी बटव्यातली नोट कोणी घेतली?" असे दोनदा झाले. दोन्ही वेळा नोट उशीखाली सापडली, पण सून दुखावली ती दुखावलीच.

जानेवारीतल्या एका बुधवारी सकाळी घरातले सगळे बाहेर असताना अक्का निघून गेल्या. दुपारी अडीचच्या सुमारास रविवार कारंजाजवळ एका ओळखीच्या फुलवालीने त्यांना बसवून ठेवले आणि वाड्यातल्या एका जुन्या शेजाऱ्याला फोन लावला. त्याच्याकडून मुलाला कळले. तोवर मुलगा पोलीस ठाण्यात तक्रार देण्यासाठी उभा होता.

त्या रात्रीपासून घराबाहेर पडताना दाराला बाहेरून कडी लागू लागली. फेब्रुवारीत कुटुंब आमच्याकडे आले ते एकच शब्द घेऊन. मुलाने तो इंटरनेटवर वाचला होता: डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश.

तपासणीत काय दिसले

पहिल्या भेटीत स्मृतीची प्राथमिक चाचणी झाली, ३० पैकी १९ गुण आले. आकडा घाबरवणारा होता. गुण कुठे गेले हे पाहिले तेव्हा चित्र बदलले.

तारीख विचारली तर अक्का म्हणाल्या, "माघ वद्य दशमी. उद्या एकादशी." तिथी बरोबर होती, पण चाचणीच्या कागदावर त्याला गुण नाही. इमारत आणि मजला सांगता आला नाही. शंभरातून सात-सात वजा करणे जमले नाही. दुधाचा हिशेब विचारला, लिटरचा भाव सांगितला आणि चार दिवस दूध नको होते म्हटले, तर उत्तर तोंडी बरोबर आले. एकमेकांत गुंतलेल्या पंचकोनांची आकृती काढता आली नाही. नंतर कळले की ती त्यांना धड दिसलीच नव्हती. तीन शब्द लक्षात ठेवून थोड्या वेळाने सांगायचे होते, त्यांतला एकच सांगितला. हा दोष मात्र खरा होता आणि तो पुढेही राहिला.

कमी शिकलेल्या माणसाला अशा चाचण्या जास्त आजारी दाखवतात हे जुने दुखणे आहे. त्यासाठीच १९९० च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगड भागात हिंदी मानसिक स्थिती चाचणी बसवली गेली, अक्षरओळख नसलेल्या माणसालाही उत्तरे देता यावीत अशी. तरी गर्दीच्या ओपीडीत हाताशी असलेला कागदच भरला जातो.

पुढच्या तपासण्यांत चार गोष्टी सापडल्या. ब-१२ जीवनसत्त्व बरेच कमी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवीकडचा पिकलेला. दोन्ही कानांनी मध्यम प्रमाणात कमी ऐकू येत होते, उंच पट्टीचे आवाज विशेष. त्यामुळे आवाज येतो पण शब्द कळत नाही, स, श, ख, त ही व्यंजने गळतात. आणि ज्येष्ठांच्या नैराश्याच्या १५ प्रश्नांच्या यादीत ११ गुण, म्हणजे नैराश्य स्पष्ट. थायरॉईड ठीक होते. मेंदूच्या स्कॅनमध्ये वयाला साजेशी झीज आणि बारीक रक्तवाहिन्यांचे थोडे बदल दिसले.

घरातल्या कोणाला कमी ऐकू येते याचा पत्ता नव्हता. वाड्यात माणसे दोन हातांवरून, तोंडाकडे बघून बोलत, तेही मोठ्याने. फ्लॅटमध्ये बोलणे होई ते दुसऱ्या खोलीतून, टीव्ही चालू असताना. उत्तर मिळाले नाही की 'आईच्या लक्षात राहत नाही' असे ठरे. जे कानापर्यंत पोचलेच नाही ते विसरणार कसे, हा साधा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

त्या बुधवारचे कोडे

घरभेटीत मी अक्कांना एकटीला गाठून त्या दिवसाबद्दल विचारले. त्यांनी सरळ सांगितले. बुधवार होता, बाजाराचा दिवस. फाट्यावरून बस धरली, तिकीट काढले, शालिमारला उतरल्या, चालत गंगेवर गेल्या. मेथी आणि ओली हळद घेतली. वाड्याकडे गेल्या तर दाराला कुलूप आणि पत्रे ठोकलेले. मग रविवार कारंजाला आल्या आणि तिथे अडकल्या.

अडकल्या, कारण परत कुठे जायचे ते सांगता येईना. सोसायटीचे नाव इंग्रजी, त्यात विंगचे अक्षर, फ्लॅटचा आकडा. सात महिन्यांत ते त्यांच्या तोंडी कधी आलेच नव्हते, कारण खाली एकट्या उतरायची वेळच आली नव्हती. लिफ्टच्या बटणांवरचे आकडे मोतीबिंदूमुळे दिसत नसत. कानाशी येऊन कोणी बोलल्याशिवाय शेजारणीचे बोलणे कळत नसे. मुलाचा मोबाइल नंबर घरातल्या फोनमध्ये साठवलेला होता, अक्कांच्या डोक्यात नव्हता.

डॉक्टरांच्या टिपणात याला 'भटकणे' म्हटले होते. भटकणे हे डिमेन्शियाचे एक गंभीर लक्षण आहे आणि ते हलक्याने घेऊ नये. पण इथे दिवस, जागा, बस आणि खरेदी सगळे हेतूने केलेले होते. बाई निघाल्या शुद्धीत आणि ठरवून; परतीचा पत्ता मात्र कोणी त्यांच्या हाती दिलेलाच नव्हता. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय या एका फरकावर फिरला. ते भटकणे मानले असते तर कडी योग्य ठरली असती, आणि कडी कायम राहिली असती तर पुढचे काहीच घडले नसते.

पर्याय

कुटुंबासमोर आणि आमच्यासमोर पाच वाटा होत्या.

डिमेन्शियाचे औषध, डोनेपेझिल, लगेच सुरू करावे, असा मुलाचा आग्रह होता. काहीतरी ठोस केल्यासारखे वाटते, हे मी समजू शकते. डॉक्टरांनी ते थांबवले. ब-१२ ची कमतरता, झोपेची गोळी, नैराश्य, कान आणि डोळे या पाचही गोष्टी स्मृती खाली ओढतात. त्या आधी दुरुस्त करायच्या आणि मग उरते ते पाहायचे. नाहीतर निदानाचा शिक्का एकदा बसला की घरातले प्रत्येक वागणे त्याच्याच चष्म्यातून दिसू लागते.

चोवीस तासांची बाई ठेवणे परवडेल का याचा हिशेब सुनेने मांडला. ओढाताण झाली असती, पण जमले असते. अडचण वेगळी होती. उरलीसुरली कामेही त्या बाईने केली असती.

वृद्धाश्रमाचा विषय मुलीने फोनवर काढला, मुलाला तो सहन झाला नाही, आणि तो तिथेच मिटला. खरे तर तो इतक्या घाईने मिटायला नको होता. त्र्यंबक रस्त्याला आणि इतरत्र काही संस्थांत सोबतीची खरी सोय असते. पण हा निर्णय त्या घरात विचाराने नाही, लाजेने होतो.

चौथी वाट अक्कांची स्वतःची, जुन्या नाशकात एक खोली भाड्याने घेऊन राहण्याची. मी तिच्या बाजूने थोडी झुकले होते. मग जुन्या शेजाऱ्यांची यादी केली. वाड्यातली माणसे पांगली होती. तिवंध्याला परत गेल्या असत्या तरी हाक मारायला तिथे कोण होते? गल्ली राहिली होती, ओसरी गेली होती.

उरली पाचवी वाट. आहे त्याच घरात राहून, शरीराच्या दुरुस्त्या करून, पाथर्डी फाट्यावर नवी ओळखदेख आणि नवे काम उभे करायचे. सगळ्यात कष्टाची आणि कोणत्याही दुकानात न मिळणारी.

शरीराची कामे

ही तुलनेने सोपी गेली. ब-१२ ची इंजेक्शने सुरू झाली. झोपेची गोळी एकदम बंद न करता काही आठवड्यांत उतरत्या मात्रेने काढली; एकदम बंद केल्यास झोप आणखी उडते, घालमेल होते, क्वचित झटकेही येतात. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया मार्चमध्ये झाली, डाव्याची जूनमध्ये. नैराश्यासाठी डॉक्टरांनी कमी मात्रेचे औषध दिले.

कानाच्या यंत्राने मात्र दमवले. ज्येष्ठांना साधने घ्यायला एकरकमी ३,००० रुपये देणारी मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मध्ये आली, पण कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला दोन लाखांच्या आत हवे, म्हणून इथे ती लागू नव्हती. यंत्र आले आणि महिनाभर खणात पडले. कुकरची शिट्टी कानात घुसते, म्हणून अक्का ते लावेनात. ऑडिओलॉजिस्टकडे दोनदा जुळवून घेतले, सुरुवातीला रोज फक्त तासभर, घरात शांतता असताना लावायचे ठरले, तेव्हा कुठे ते कानात टिकले.

यंत्र घेतले की विसरणे थांबेल, अशी आशा मुलाला होती. तशी हमी नाही. २०२३ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. ७० ते ८४ वयाचे ९७७ लोक, तीन वर्षे. सगळ्यांचा मिळून विचार केला तर श्रवणयंत्राने बुद्धीची घसरण कमी झाल्याचे दिसले नाही. आधीच जास्त धोका असलेल्या गटात मात्र ती ४८ टक्क्यांनी कमी दिसली. आम्ही मुलाला एवढेच सांगितले की यंत्राने आईला बोलणे ऐकू येईल, आणि बोलण्यात सामील होणे हे स्वतःच औषधाइतके मोलाचे आहे.

हे केवळ धीर देण्यासाठी नव्हते. लॅन्सेट नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाला कारणीभूत ठरणारे आणि बदलता येण्याजोगे १४ घटक मांडले. हे सगळे दूर झाले तर डिमेन्शियाची सुमारे ४५ टक्के प्रकरणे टळू किंवा लांबू शकतील असा त्यांचा अंदाज आहे. त्यात कमी ऐकू येण्याचा वाटा ७ टक्के, कमी शिक्षणाचा ५, एकटेपणाचा ५, नैराश्याचा ३ आणि उपचार न झालेल्या कमी दृष्टीचा २. हे आकडे लोकसंख्येचे आहेत, एका अक्कांचे नाहीत. तरी या पाचही गोष्टी एकाच बाईच्या पदरात होत्या. चौथीला शाळा सुटली ती काही त्यांच्या हातात नव्हती. भारतातही ६० वर्षांवरच्या लोकांत डिमेन्शियाचे प्रमाण ७.४ टक्के असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला, आणि ते स्त्रियांत, खेड्यांत आणि न शिकलेल्यांत अधिक आढळले.

माणसांची कामे

पहिले दोन प्रयत्न फसले.

नातीने टॅबवर मेंदूचे खेळ लावून दिले. अक्का दोन दिवस नातीच्या प्रेमाखातर खेळल्या. मग म्हणाल्या, "हे जुळवून कोणाचं काय होतं गं?" प्रश्न रास्त होता.

मग ज्येष्ठ नागरिक संघ. नाशिकमध्ये संघ पुष्कळ आहेत आणि काहींचे काम उत्तम आहे. जवळच्या संघात मात्र बहुतेक निवृत्त पुरुष, कारखान्यातले, बँकेतले. माईकवरून व्याख्यान, मग चहा. अक्का मागच्या खुर्चीवर पदर सावरून बसल्या, एक अक्षर कळले नाही, दुसऱ्या बैठकीनंतर गेल्या नाहीत. 'ज्येष्ठांनी समाजात मिसळावे' असा सल्ला देताना कोणत्या समाजात, हे आपण विचारत नाही. चौथी शिकलेल्या, भाड्याच्या दोन खोल्यांतून आलेल्या बाईला निवृत्तिवेतनधारकांच्या सभेत तिच्या घरात होती त्याहून जास्त एकाकी वाटू शकते.

रस्ता सापडला तो लिफ्टमध्ये. सुनेने शून्य आणि पाच या दोन बटणांवर लाल टिकल्या चिकटवल्या. मोठ्या, ठसठशीत, बोटाला लागतील अशा. पहिले काही दिवस नात सोबत उतरली, मग अक्का एकट्या. खाली पार्किंगच्या कडेला बाकड्यावर संध्याकाळी दोन-तीन बायका बसत. एक निफाडकडची, एक मालेगावहून मुलाकडे आलेली. दोघीही अक्कांसारख्याच गाव सोडून आलेल्या, आणि त्यांतल्या एकीलाही कमी ऐकू येई, म्हणून बोलणे आपोआप मोठ्याने आणि समोरासमोर. हा योगायोग होता. त्याचे श्रेय आमच्या गटाने घेऊ नये.

दुसरा मुद्दा कामाचा. घरच्यांनी आधी भाजी निवडायला दिली, मग निवडलेली भाजी सून पुन्हा बघून घेई. अक्कांच्या ते लक्षात आले. मी कुटुंबाला म्हटले की वेळ घालवायला दिलेले काम माणसाला कळते. असे काम द्या की त्यांनी नाही केले तर घरात कोणाचे तरी अडेल. बरीच चर्चा होऊन सकाळचा चहा आणि दूध तापवणे हे काम अक्कांकडे आले, त्यासाठी एका चुलीची गॅस शेगडी परत आली, आणि ते काम होताना सून स्वयंपाकघरातच डबे भरत असे. दूधवाल्याचा हिशेबही अक्कांकडे, भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर रेघा मारून.

एप्रिलमध्ये कुरडयांचा विषय निघाला. खालच्या बाकड्यावरच. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, वाटून चीक काढायचा, निवळू द्यायचा, वरचे पाणी ओतून चीक शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून घालायच्या. मागचे पाऊल चुकले तर पुढचे फुकट. बुद्धीचे नियोजन तपासायला याहून चांगली चाचणी माझ्या पाहण्यात नाही. अडचण आली ती गच्चीच्या किल्लीची. सोसायटीच्या समितीने आधी नकार दिला, गच्चीवर जायला मनाई आहे म्हणून. मुलाने लेखी हमी दिली, दोन सकाळी किल्ली मिळाली.

अक्कांनी क्रम एकदाही चुकवला नाही. मीठ मात्र एका घाण्यात दोनदा पडले. त्या कुरडया खारट झाल्या, सगळ्यांनी खाल्ल्या, आणि मी ते टिपणात लिहून ठेवले.

बुधवारचा निर्णय

कडी काढायची का, यावर मुलाशी सगळ्यात जास्त वाद झाला. "उद्या काही झालं तर तुम्ही येणार आहात का?" तो म्हणाला. या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर 'नाही' असेच आहे, आणि तेच मी दिले. पण आत आग लागली तर बाहेरून कडी असलेल्या घरातून आई कशी निघेल, हेही त्याला विचारले. कडी त्याच आठवड्यात निघाली.

तडजोड अशी झाली. दर बुधवारी बाजाराला जायचे, पण कोणीतरी सोबत. आधी नात, तिची परीक्षा आली तेव्हा म्हसरूळला गेलेली जुनी शेजारीण थेट गंगेवर भेटू लागली, आणि बसपर्यंत सोडायला सुरक्षारक्षकाची बायको. अक्कांच्या बटव्यात मराठीत पत्ता आणि दोन फोन नंबर लिहिलेले कार्ड. मोठ्या बटणांचा साधा फोन. घराचा पत्ता रोज चहाच्या वेळी एकदा मोठ्याने म्हणायचा. तो तोंडपाठ व्हायला कित्येक आठवडे लागले. पूर्वीच्या अक्कांना एवढा वेळ लागला नसता, हे मुलानेच बोलून दाखवले.

ऑगस्टमध्ये गंगापूर धरणातून विसर्ग वाढला, गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत पाणी चढले, घाट पाण्याखाली गेला. काही आठवडे बुधवार बंद. त्याच काळात अक्का पुन्हा कमी बोलू लागल्या, जेवण घटले, यंत्र खणात गेले. पाणी उतरले, बाजार भरला, आणि त्या सावरल्या. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही; पावसाळ्यात बाकड्यावरची बैठकही बंद होती आणि गुडघेही दुखत होते. तरी घरच्यांना त्या आठवड्यांनी जे पटले ते आमच्या बोलण्याने पटले नव्हते.

परिणाम

वर्षानंतरच्या तपासणीत नैराश्याच्या यादीतले ११ गुण ५ वर आले होते. स्मृतीच्या चाचणीत १९ चे २४ झाले. हा आकडा फुगवून सांगू नये. त्यातले काही गुण डोळ्यांच्या शस्त्रक्रियेचे आहेत, काही यंत्राचे, काही चाचणी ओळखीची झाल्याचे. तीन शब्दांपैकी अजूनही एकच आठवतो, क्वचित दोन. डॉक्टरांचे निदान सौम्य बोधक्षीणता असे आहे, म्हणजे स्मृती वयाच्या मानाने जास्त कमी, पण रोजचे व्यवहार बहुतांशी स्वतः जमतात अशी अवस्था. काहींच्या बाबतीत ती तशीच राहते, काहींच्या बाबतीत पुढे डिमेन्शियाकडे जाते. डोनेपेझिल अजून सुरू केलेले नाही. दर सहा महिन्यांनी तपासणी ठरली आहे.

नोट हरवल्याचा आरोप पुन्हा झाला नाही. तोच प्रश्न पुन्हा विचारणे कमी झाले, थांबले नाही. दूध एकदा पुन्हा उतू गेले. त्या दिवशी कोणी इंडक्शनचे नाव काढले नाही.

वेगळे काय करता आले असते

वाडा पडेल हे अनेक पावसाळे माहीत होते. स्थलांतर मात्र दोन दिवसांत, चिखलातून झाले. नोटीस आली की भिंत आणि भाडेपावती यांच्याबरोबर आणखी एक यादी करायला हवी: या माणसाला रोज कोण हाक मारते, कोणते काम त्याच्याशिवाय अडते, आणि नव्या जागी त्यातले काय नेता येईल. वाड्यातली दोन बिऱ्हाडे एकाच भागात गेली असती तर बरेच वाचले असते. वाडे रिकामे करून घेताना यंत्रणा खोल्या मोजते. म्हाताऱ्या माणसांचे पुढे काय होते याची नोंद कुठेच होत नाही.

तपासण्यांचा क्रमही उलटा हवा. आधी कान आणि डोळे, आधी चालू गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतणे, मग स्मृतीची चाचणी. पहिल्याच दिवशी १९ हा आकडा कुटुंबाच्या कानावर पडला आणि तो पुसायला महिने गेले.

झोपेच्या गोळीबद्दल पुण्याच्या मुलीला माहीत होते. ती रोज फोन करी. पण फोनवर दोनच प्रश्न: गोळी घेतली का, जेवलीस का. आता ती बुधवारी रात्री फोन करते आणि बाजारात काय मिळाले ते विचारते. उत्तर लांब येते.

एक बाजू आम्ही उशिरा पाहावी अशी नव्हती, ती सुनेची. वाड्यात दहा घरांनी नकळत वाटून घेतलेली राखण एका नोकरी करणाऱ्या बाईच्या अंगावर पडली होती. चोरीचा आळ तिच्यावर आला, कडी लावण्याचा दोष तिच्याकडे आला, टिकल्या तिने लावल्या. तिला काय हवे हे पहिल्या तीन भेटींत कोणी विचारले नाही. विचारले तेव्हा तिने महिन्यातले चार दिवस मागितले, माहेरी जायला. सध्या त्या चार दिवसांसाठी नणंद पुण्याहून येते. दोन महिने नियमित आली, तिसऱ्या महिन्यात जमले नाही, आणि पुढच्या भेटीत चर्चेला पहिला विषय तोच आहे.